सांडू ऑपरेटरचा उजवा हात

सांडू पुंजाराम गायके गवत कापायला निघाला की आधी मशीनला हात लावायचा नाही. आधी बादली घ्यायचा. त्या दिवशी जेवढं कापायचं, तेवढ्यातून एकदा उभा चालायचा आणि एकदा आडवा. मान खाली. दिसेल ते उचलून बादलीत टाकायचा: खडी, बांधणीची तार, बाटल्यांची बुचं, खोक्यांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एकदा तर अख्खा पाना. बादली भरली की कडेला नेऊन रिकामी करायची आणि परत यायचं. ह्यात पाऊण तास जायचा. तेवढ्यात दुसऱ्या मशीनवरचा बन्सी पलीकडच्या बाजूला अर्धी हिरवळ कापून मोकळा झालेला असायचा.

"सांडूदादा, अंगठी हरवली का रं?" बन्सी लांबून ओरडायचा.

"तुही अक्कल शोधतोय. इथंच कुठंतरी सांडली म्हणत्यात."

वाळूजच्या एमआयडीसीत औषधाची एक कंपनी होती, तिथलं हे काम. शहराच्या पाट्यांवर तेव्हा अजून औरंगाबादच लिहिलेलं होतं. कंपनीचं आवार बावीस एकरांचं. कारखाना सहा-सात एकरांत, बाकी सगळी हिरवळ, झाडं, आणि कंपाउंडच्या कडेनं माजलेलं गाजरगवत. पावसाळ्यात एका टोकाकडून कापत निघालं, की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा गुडघ्याएवढं. त्यासाठी दोन मशिनी होत्या, एक सांडूकडं आणि एक बन्सीकडं. खांद्यावर पट्टा, पट्ट्याला अडकवलेली लांब नळी, नळीच्या मागच्या टोकाला पेट्रोलचं इंजिन आणि पुढच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. हिरवळीवर पात्याच्या जागी नायलॉनची दोरी लावायची. कागदावर तिचं नाव ब्रश कटर. सगळे नुसतं मशीन म्हणायचे.

सांडू कन्नड तालुक्यातला, पिशोरच्या पुढचा. लग्न झाल्यावर नऊ हंगाम तो आणि त्याची बायको सारजाबाई ऊसतोडीला गेले. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडत पुढं सरकतो, बायको त्याच्या मागं वाकून मोळ्या बांधते. दोघांत दोन हातांचं अंतर नसतं. पडलं तर मुकादम ओरडतो.

त्यांचा मुकादम काकासाहेब. त्यानं पुढं ऊस सोडला आणि शहरातल्या कंपन्यांच्या बागा सांभाळायचं कंत्राट घेतलं. औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या माडीवर ऑफिस थाटलं, टेबलावर काच टाकली. माणसं मात्र जुनीच आणली आणि रीतही जुनीच. एक मशीन, एक जोडी. नवरा कापील, बायको मागं दाताळ्यानं गवत ओढून ढीग लावील. पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "कोयता म्हणून आणलंय, कोयता म्हणूनच ऱ्हायचं. बाप्या बसला की बाई बसली. मला अर्धा कोयता नको."

सांडूला ते मान्य होतं. त्याला इथं राहायचं होतं एवढंच. ऊसतोडीत दर हंगामाला पाचटाची नवी कोपी, नवं रान, नवं पाणी. इथं कामाबरोबर कंपनीच्या मागच्या वस्तीत एक खोली मिळाली होती. सारजाबाईनं तिथं ओटा सारवून घेतला, भिंतीला फळी ठोकून घेतली. चार वर्षं, बारा महिने, त्या दोघांनी एकाच छपराखाली काढली. असं आधी कधी झालं नव्हतं. हे टिकायचं तर सांडूच्या खांद्यावर मशीन राहायला पाहिजे होती.

मशीन त्याला कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरनं शिकवली. मुकुंद टाकळकर त्यांचं नाव. शहरातले, शिकलेले, बोलताना सगळ्यांना अहो-जाहो करणारे. त्यांनी दोन दिवस शिकवलं आणि छापील कागद दिला. बन्सीनं त्या कागदात भाकरी बांधली. सांडूनं तो पाठ केला. पुढं काकासाहेबाकडं नवा गडी आला की त्याला आधी सांडूकडं पाठवायचे. सांडू त्याला उभं करून सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज भजनाला बसल्यासारखा एका पट्टीत लागायचा.

"पेट्रोलमधी ऑइल मिसळायचं, हे माप. मशीन तापलेली असली की टाकी उघडायची नाय. गार होऊ द्यायची. जिथं पेट्रोल ओतलं तिथंच दोरी ओढायची नाय, चार पावलं बाजूला जायचं. बिडी कुठं हाय तुही?"

"खिशात."

"खिशात बी नाय. गेटाभायेर ठिवून ये."

गडी जाऊन येईपर्यंत सांडू तसाच उभा. तो आला की तिथूनच पुढं.

"तोंडावर जाळी, कानावर हे टोपण, पायात बूट. पात्यावरचं हे गार्ड काढायचं नाय. गवत अडकतंय म्हणून लोक काढत्यात. अडकू दे. अडकलं तर आधी बटन बंद, मंग हात. हात आधी गेला तर बटन बंद करायला दुसरा कुठून आणशील? नायलॉन सरला तर नायलॉनच लावायचा. गाडीच्या क्लचची वायर लावायची नाय. एकानं लावली व्हती, तिचा तुकडा त्याच्याच पोटरीतून काढला. आन् ही शेवटची गोष्ट, ही ध्यानात धर. रेस सोडली म्हंजी पातं थांबलं असं नाय. ते आपल्या नादात फिरत ऱ्हातं. थांबलेलं डोळ्यानं बघायचं. मंग मान वर करायची."

अंतराचं शिकवणं सगळ्यात अवघड गेलं. कागदात लिहिलं होतं पंधरा मीटर. मशीन चालू असताना तेवढ्यात दुसरं कुणी नको, कारण दगड उडाला तर गोफणीतून सुटल्यासारखा जातो. पण बायकांना ऊसाची सवय. तोडणाऱ्याच्या टाचेला लागून चालायची. मागं वळून बघावं तर सारजाबाई चार हातांवर दाताळं घेऊन उभी. सांडू वीस पावलं मोजून फक्कीनं रेघ मारायचा. पुढं सरकला की पुन्हा रेघ.

"भाऊजी, क्रिकेट भरवताय का काय?" बन्सीची बायको चतुराबाई विचारायची. "आमी बॉल आणायला यायचं का?"

पण मग हाक कशी मारायची? इंजिनाचा आवाज, त्यात कानावर टोपण. पाठीमागून जाऊन खांद्याला हात लावावा, तर माणूस दचकून वळतो आणि त्याच्याबरोबर पातंही वळतं. टाकळकर साहेबांनी शिट्टी दिली, ती ऐकू येईना. शेवटी सांडूनंच ठरवलं. लांब उभं राहायचं आणि मातीचं ढेकूळ उचलून कापणाऱ्याच्या समोर, त्याला दिसेल असं टाकायचं. ते पडलं की तो रेस सोडील.

चतुराबाईला हे फार आवडलं. तिचा नेमही चांगला होता.

"साहेबानं हेल्मेट दिलंय ते मशीनसाठी म्हणत्यात," बन्सी म्हणायचा. "मला तर हिच्यासाठीच दिल्यावाणी वाटतंय."

"मंग काढून बघा की एकदा," चतुराबाई म्हणायची.

सारजाबाईनं मात्र ढेकूळ टाकलं नाही. कधीच नाही. सांडूनं समजावलं, चतुराबाईनं समजावलं.

"नवऱ्यावर ढेकूळ फेकू?"

"आगं अंगावर नाय, समोर."

"समोर बी नाय. ढेकूळ कुत्र्याला फेकत्यात, ढोराला फेकत्यात. माणसं बघत्यात हितली."

तिनं आपली वेगळी वाट काढली. सांगायचं असलं की ती लांबून अर्धा फेरा मारायची, सांडूच्या समोर यायची आणि डोक्यावरचा पदर धरून गप उभी राहायची. त्याला ती दिसायची. तो रेस सोडायचा, पातं थांबलेलं बघायचा, मग मान वर करून "काय गं" म्हणायचा. ती कधी पंधरा मीटरवर असायची, कधी दहावर. पण समोर असायची, म्हणून तो बोलायचा नाही. चार वर्षं असं चाललं.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात त्याची बोटं पांढरी पडायला लागली. सकाळी तास-दीड तास थरथरणारी मशीन धरून ती उतरवून ठेवली की उजव्या हाताची तीन बोटं खडूसारखी दिसायची, पेरापासून टोकापर्यंत. आधी मुंग्या यायच्या. ऊन वर आलं की रंग परत यायचा आणि बोटं ठणकायची. मग ठणकणं कमी झालं. मुंग्याही कमी झाल्या. सांडूला वाटलं बरं होतंय. ते बरं होत नव्हतं.

चौथ्या हिवाळ्यात शर्टाची बटणं सारजाबाई लावायला लागली. बुटाची नाडीही तीच बांधायची. सकाळी पाणी तापवून ती तपेलं पुढं सरकवायची, सांडू त्यात हात बुडवून बसायचा. पाणी किती तापलंय ते त्याला डाव्या हातानं बघावं लागायचं. ह्यावर दोघं फार बोलले नाहीत.

"डाक्टरला सांगायचं का?" एकदा ती म्हणाली.

"सांगितलं तर खाली बसवत्याल."

"मंग नको."

कंपनीचा डॉक्टर सहा महिन्यांनी यायचा. दंडाला पट्टा बांधायचा, डोळे बघायचा, विचारायचा, "काही त्रास?" सांडू म्हणायचा, "नाय." डॉक्टर पुढच्याला बोलवायचा.

मशीन तो पहिल्यासारखीच चालवत होता. बादली घेऊन फिरत होता, रेघ मारत होता, नव्या गड्यांना तेच सगळं सांगत होता. बोटाखाली रेसचा खटका लागत नव्हता, पण कानाला इंजिन कळायचं. आवाज चढला म्हणजे खटका दाबलाय, उतरला म्हणजे सुटलाय. एवढ्यावर तो चालवत होता. त्याला भीती वाटायची असं नाही. काहीच वाटायचं नाही. सकाळी जायचं, कापायचं, यायचं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात थंडी पडली. त्या दिवशी दोन्ही मशिनी कंपाउंडच्या मागच्या कडेला होत्या. वरच्या साहेबांची तपासणी यायची होती, काम लवकर उरकायचं होतं. बन्सी सांडूपासून तीस पावलांवर कापत होता. सांडूनं सकाळी बादली घेऊन फेरी मारली होती. पण त्या कोपऱ्यात गाजरगवत छातीएवढं, बुडाशी काय आहे ते दिसत नव्हतं. कधीकाळी बांधकामाची खडी तिथं उतरवली होती, तिचा राहिलेला पसारा गवतानं झाकला होता.

दहा वाजता चहा आला. चतुराबाईनं ढेकूळ टाकून बन्सीला सांगायचं आणि सारजाबाईनं सांडूला, असं ठरलेलंच होतं. सारजाबाई फेरा मारून समोर गेली आणि उभी राहिली.

सांडूला ती दिसली. त्यानं रेस सोडली. निदान त्यानं सोडली असं त्याला वाटलं. बन्सीची मशीन अजून चालू होती, तिचा आवाज कानात होता, त्यात आपला आवाज उतरला की नाही हे निवडता आलं नाही. त्यानं पात्याकडं बघितलं नाही, तिच्याकडं बघितलं. चहा म्हणून डावा हात सोडून तोंडावरची जाळी वर केली. एका हातावर मशीन कलली, पुढचं टोक खाली गेलं. उजव्या हाताची बोटं खटक्यावर तशीच मिटलेली होती.

पातं खडीत घुसलं. खाडकन एक आवाज झाला.

सारजाबाई खाली बसली. पडली नाही, बसली. पदर डाव्या डोळ्यावर धरला. सांडू तिच्याकडं जायला निघाला तेव्हा मशीन अजून गुरगुरत होती. पलीकडून बन्सी धावत आला, त्यानं सांडूच्या पुढ्यातलं बटन बंद केलं आणि पट्टा काढला. तोपर्यंत चतुराबाई पोचली होती. तिनं सारजाबाईचा पदर जरा बाजूला केला आणि परत झाकला.

"गाडी बोलवा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याच दुपारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा ठेवलाय, नजर येईल असं धरून चालू नका. सांडूनं मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा हलवली.

चौथ्या दिवशी टाकळकर साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. सांडू, बन्सी आणि काकासाहेब, तिघांना बोलावलं होतं. काकासाहेबानं इस्त्रीचा सदरा घातला होता. टाकळकर साहेब आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन आले होते. त्यांनी कागद वाचून दाखवला.

"सारजाबाई म्हणतात, मीच जवळ गेले, मला अंतराचा नियम माहीत होता, त्यांची काही चूक नाही." त्यांनी वर बघितलं. "आम्ही टेपनं मोजलं. त्या साडेआठ मीटरवर होत्या. पंधरा पाहिजेत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. सांडूभाऊंनीच सगळ्यांना शिकवलंय, हे सगळे सांगतात. बन्सी, तुम्ही काय बघितलं?"

"दादानं मशीन थांबवली व्हती, साहेब," बन्सी म्हणाला. "वहिनीच पुढं आल्या."

"ती ढेकूळ टाकायला लाजती," काकासाहेब म्हणाला. "बायामाणूस. काय करता? तिचं तिनं कबूल केलंय, आता तुमी कामून लांबवताय?"

"लांबवत नाही. पण पुढं असं होऊ नये म्हणून काय करणार, ते मला खाली लिहावं लागतं."

"लिव्हा ना. सारजाबाईला काढली. तसं आमच्यात जोडी मोडत नाय मी, पन् सांडूचा हात साफ हाय, म्हणून त्याला ठिवला. उद्यापसून चतुराबाई दोन्ही मशिनीमागं. तिला ढेकूळ टाकायला काय अनमान नाय."

बन्सी जरा हसला. टाकळकर साहेब लिहायला लागले.

केबिनच्या काचेतून पुढची हिरवळ दिसत होती. चतुराबाई तिथं एकटीच कालचं गवत ओढत होती. चष्मा नाही, काही नाही, डोक्याला फडकं. सांडू तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यात फार काही आलं नाही. उद्या ही आपल्या मागं असणार, आणि परवाही, आणि थंडी अजून महिनाभर आहे, एवढंच आलं.

"साहेब, म्या रेस सोडली नव्हती," तो म्हणाला.

टाकळकरांचा हात थांबला.

"आरं सोडली व्हती," काकासाहेब म्हणाला. "ह्या बन्सीनं बघितलंय."

"बन्सी गवताकडं बघत व्हता. तसंच शिकवलंय म्या त्याला."

"सांडूभाऊ, नीट सांगा. सोडली नव्हती म्हणजे काय? त्या दिसल्या नव्हत्या का?"

"दिसली की. दिसली म्हणून सोडली. म्हंजी सोडली असं वाटलं. बोट उघडलं नाय." त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला. "ह्या तीन बोटांचं मला कळत नाय. मिटली का उघडली, कळत नाय. आन् पात्याकडं बी बघितलं नाय म्या."

"कधीपासून?"

"दुसरा हिवाळा."

"डॉक्टर विचारतात ना?"

"इचारत्यात. म्या नाय म्हणत व्हतो."

"का पण?"

काकासाहेबच बोलला, आणि त्याच्या बोलण्यात लाज नव्हती, समजावून सांगणं होतं. "जोडी असती साहेब आमच्यात. बाप्या बसला की बाई बी घरी जाती. म्हणून बोलला नसंल."

"हा नियम कुणाचा?"

"नियम कशाचा? रीत हाय."

टाकळकर साहेबांनी लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली. नवा कागद घेतला. बराच वेळ लिहीत राहिले, मधेच थांबून विचारत राहिले. दिवसाला किती तास चालवता? मधे थांबता का? हातमोजे दिलेत ते कधीचे? मागच्या बायकांना चष्मे कुणीच दिले नाहीत का? सांडू जेवढ्यास तेवढं सांगत गेला. शेवटी ते म्हणाले, "मशीन चालवणाऱ्या सगळ्यांचे हात तपासायचे. पहिले बन्सीचे. आणि आजपासून जोडी नाही. ज्याचं त्याचं काम वेगळं."

"बारा मशिनी हायत साहेब मह्या, साऱ्या कंपन्यांत मिळून," काकासाहेब म्हणाला. "सगळ्यांचे हात बघत बसलो तर गवत कोण कापील?"

"गवत वाढेल थोडं," टाकळकर म्हणाले.

बाहेर आल्यावर काकासाहेबानं चप्पल पायात सरकवली आणि सांडूकडं न बघता बोलला. "बाईनं अंगावर घेतलं व्हतं. सगळं मिटलं व्हतं. तुला कोन इचारलं व्हतं रं?"

"कोनी नाय."

"तिचा डोळा तर गेलाच. वरून काम घालवलंस. गेटावर पास जमा कर, दोघांचे बी. मला खाली बसलेला कोयता काय करायचाय?"

तो गेला. बन्सी तिथंच भिंतीला टेकून उभा राहिला, दोन्ही हात काखेत घालून. सांडूला वाटलं हा आता शिव्या देणार. बन्सीनं दिल्या नाहीत.

"दादा, मही बी दोन बोटं," तो हळूच म्हणाला. "करंगळी आन् तिच्या शेजारची."

"माहीत हाय."

"कसं काय?"

"दिवाळीपसून चहाचा कप दोन्ही हातानं धरतूस."

बन्सीनं काखेतून हात काढले, बघितले, परत घातले. "चतुरीला सांगितलं नाय म्या."

"सांग," सांडू म्हणाला, आणि गेटाकडं निघाला.

पास जमा करून तो रिक्षानं दवाखान्यात गेला तेव्हा चार वाजले होते. सारजाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. अर्ध्या तोंडावर पट्टी. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिला पैठणहून आलेल्या आपल्या सुनेचं काहीतरी सांगत होती, ती सांडू आल्यावर गप झाली आणि भिंतीकडं वळली.

"झाली का चौकशी?" सारजाबाईनं विचारलं.

"झाली."

"म्या सांगितलं व्हतं साहेबाला सगळं. लिव्हून घेतलं त्यांनी."

"वाचलं त्यांनी. मंग म्या बी सांगितलं. बोटाचं."

ती एका डोळ्यानं त्याच्याकडं बघत राहिली. त्या डोळ्यात राग आहे का काय आहे, हे सांडूला ओळखता आलं नाही. आधी तो दोन्ही डोळे बघून ओळखायचा.

"कामून?" ती शेवटी म्हणाली.

"चतुराबाईला लावत व्हते मह्या मागं."

"आसं. मंग बसवलं असंल तुमाला."

"तुला बी."

"खोली?"

"महिनाअखेरीला सोडायची."

बाहेर कुणीतरी लोखंडी ट्रे आपटला. सारजाबाईनं उशी जरा नीट केली. मग तिनं डाव्या हातातल्या बांगडीला अडकवलेली पिन काढली, तोंडानं उघडली आणि हात पुढं केला.

"बगू."

"काय बगू?"

"हात द्या की."

सांडूनं उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला. तिनं अंगठ्याशेजारचं बोट धरलं आणि टोकाला पिन टोचली. नीट दिसावं म्हणून मान सगळीच डावीकडं वळवावी लागत होती.

"कळलं?"

"नाय."

तिनं मधलं बोट घेतलं. जरा जोरात टोचली. रक्ताचा बारीक ठिपका आला, तो तिनं पदरानं पुसला.

"हे?"

"नाय."

"हे?"

"नाय."

शेजारची म्हातारी मान वळवून बघायला लागली होती. "काय करतीस गं माय?" तिनं विचारलं. सारजाबाईनं करंगळी पकडली, टोकाला टोचली, मग खालच्या पेराला.

सांडूनं हात जरासा ओढला.

"कळलं?"

"व्हय. थोडं."

"आन् अंगठा?"

"अंगठा बी कळतो."

सारजाबाईनं पिन मिटली आणि बांगडीत अडकवली. "दोन हायत मंग," ती म्हणाली. "दाताळं दोन बोटांवर बी धरता येतं. मी शिकवते."